निरोप्या

कोल्हापुरात तालीम म्हटलं की माणसं आधी लंगोट शोधतात.
म्हणून नेजदार सरांनी खासबागेच्या पायऱ्यांवर बोलावलं
तेव्हा मुबारक शिकलगार अंगाला तेल लावूनच आला.
सर म्हणाले, नाटक आहे. ग्रीकांचं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं.
असाच गोल, अशाच चढत गेलेल्या पायऱ्या,
वर उघडं आभाळ, म्हणजे देवांना तिकीट नको.
शोकनाट्याला त्यांच्यात म्हणे बोकडाचं गाणं म्हणायचे.
‘मग रस्सा तांबडा का पांढरा?’ मागून कुणीतरी.
सर हसले नाहीत.
बोकड बक्षिसाचा होता की बळीचा,
यावर पंडितांचं अजून एकमत नाही, म्हणाले.
‘बोकडाला इचारा की,’ मुबारक म्हणाला. ‘दोन्ही एकच.’

मुखवटे पापाच्या तिकटीच्या कुंभारांनी केले,
गणपतीतून उरलेल्या कागदाच्या लगद्याचे.
तोंडं तेवढी उघडी,
जणू सगळ्यांना एकाच वेळी काहीतरी आठवलंय.
कोरसात नऊ जण: चार पैलवान, गुळाच्या अडतीवरचे दोघे,
एक तलाठी, त्याचा मेहुणा,
आणि भेदिक गाणारे पाटगावकर काका,
तुणतुणं घरी ठेवा म्हटल्यावर रुसलेले.
चौथ्या दिवशी काकाच म्हणाले,
‘कोरस म्हंजे झीलकरीच की रं.
फक्त हितं झीलकऱ्यास्नी आधीच सगळं म्हाईत असतंय,
आणि हात धरून कुणाला थांबवता येत न्हाई.’

माझं काम लहान. मी निरोप्या.
या नाटकांत मरण समोर दाखवत नाहीत.
राणी आत जाते. दार मिटतं.
मग एक माणूस बाहेर येतो, ज्याला नाव नसतं,
आणि सांगतो.
मलाच का निवडलं, मी विचारलं नाही.
सीपीआरला एकोणीस वर्षं वॉर्डबॉय आहे,
एकोणीस वर्षं झुलत्या दारातून बाहेर येतोय.

दार ढकलायच्या आधी मी हात पुसतो, कोरडे असले तरी.
डॉक्टर म्हणतात, तू हो पुढं, आलोच.
बाकावर माणसं, डबा, चादर, शहाळं.
ती तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात.
चाल हळू असली की ओळखतात.
महापुराच्या साली एका म्हाताऱ्याला सांगितलं.
तो म्हणाला, ‘बरं.’
आणि बायकोसाठी आणलेलं शहाळं माझ्या हातात दिलं.
मी ते प्यालो.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सर शिकवायचे: निरोप्या रडत नाही.
आधी वारा सांग, मग उंबरा, मग दोर.
लोकांना क्रम लागतो.
हे मला नवं नव्हतं.
‘किती वाजता?’ हाच पहिला प्रश्न असतो.

प्रयोगाला पायऱ्या अर्ध्याच भरल्या.
खाली तांबडी माती, तिला ताकाचा, हळदीचा वास.
राणी आत गेली. झीलकरी गाऊन थांबले.
मी बाहेर आलो.
मुखवट्यात माझाच श्वास, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.
एकवीस ओळी होत्या. एकही आली नाही.
मी हात पुसले,
आणि रोज जे तोंडातून निघतं तेच निघालं:
‘पेशंटबरोबर कोण हाय?’

कुणी हसलं नाही.
चारही पैलवानांनी माना खाली घातल्या.
सातव्या पायरीवर एक बाई
मांडीवरची पिशवी सावरत
उठून उभी राहिली.