शेड नंबर

अजमानच्या चायना मॉलमागे, सत्तावीस नंबरच्या गोदामात
माझं काम एवढंच : फरशीच्या खोक्यावरचा शेड नंबर वाचायचा.
एकाच भट्टीतली, एकाच मातीची,
तरी मंगळवारचा पांढरा गुरुवारी तोच नसतो.
गिऱ्हाइकाला सगळा दिवाणखाना एकसारखा हवा,
आणि संध्याकाळी पश्चिमेचं ऊन आडवं आलं
की चुकलेली एक फरशी
पंगतीतल्या उपऱ्यासारखी उठून दिसते.

मॅनेजर फान म्हणतात, फरक पुसायचा नसतो, मांडायचा असतो.
त्यांच्या गावी थोरल्या भावाला वेगळा शब्द, धाकट्याला वेगळा.
मी म्हटलं, आमच्याकडेही आत्या ती मावशी नव्हे,
आणि वहिनी ती भावजय नव्हे.
खूश झाले. मग तुम्ही आमच्यातल्याच, म्हणाले.
काका कुठला, मामा कुठला, हेच ज्याला कळत नाही
त्याला कुणासाठी किती रडायचं ते कसं कळणार?
पाची बोटं सारखी असती तर मूठ वळली नसती.

लाओ शेंग पहारेकरी. ताओवाल्यांच्या डोंगराकडचा.
फोर्कलिफ्टच्या सावलीत सूर्यफुलाच्या बिया सोलतो.
त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं?
त्याने दाराबाहेर बोट केलं.
जानेवारीतलं धुकं खाडीवरून आत आलेलं,
टॉवर नाही, मिनार नाही,
कचऱ्याचा डबाही नाही.
'यातलं मोठं कुठलं, सांग.'
मी म्हटलं, धुकं दहाला उठतं.
'टॉवरही उठेल कधीतरी,' म्हणाला, आणि साल थुंकला.

उडदामाजी काळेगोरे.
मी पुन्हा खोक्यांकडे वळले. शेड तीन. शेड तीन. शेड पाच.

त्यांच्या नववर्षाला गोदामातच जेवण.
फाननी स्वतः खुर्च्या लावल्या, नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या :
थोर तो दाराकडे तोंड करून, मग उतरती भाजणी.
मी मधे कुठेतरी.
मोतालेब, टेकबहादूर, गुल जमान दाराला पाठ करून.
माझ्या तोंडून गेलं. आगाऊपणा नव्हता,
पगारपत्रक मीच करते, जन्मतारखा पाठ आहेत :
सर, वयाने थोर तर गुल जमान. त्रेसष्ट.
फान गप्प. मग खरंच उठले,
स्वतःची चिठ्ठी काढून त्याची लावली,
खुर्ची मागे ओढून धरली.
त्या क्षणाला मी हसणार नाही.

हमाल गुल जमान बसला. टोकावर. हात मांडीवर.
मंगळवारच्या फरशीत गुरुवारची.
जेवेना.

तेव्हा शेंगने पॅकिंगचा फोम जमिनीवर उलगडला
आणि मांडी घातली.
एकेक करून आम्ही सगळेच उतरलो,
सर्वांत शेवटी फान, बुटांची जोडी नीट भिंतीला लावून.
फोमला ना उशाशी, ना पायथा.
तरी वाफाळत्या माशाचं डोकं
फाननी गुल जमानकडेच वळवून ठेवलं,
आणि गुल जमानने पहिला तुकडा मोडून
टेकबहादूरच्या ताटात घातला.
कोण जिंकलं मला सांगता येत नाही.

अठ्ठावीस तारखेला पत्रक केलं.
गुल जमान अकराशे. टेकबहादूर नऊशे.
मोतालेब साडेआठशे, काम तेच, पासपोर्ट दुसरा.
मी तीन हजार दोनशे.
फान यांचा रकाना मला दिसत नाही.
फोमवर बसायला पैसे पडले नव्हते.

शेंगला दाखवलं. त्याने खांदे उडवले.
त्याचा राग आला : ज्याला अडीच हजार मिळतात
त्याला धुकं परवडतं.
फानना दाखवलं. प्रत्येकाची जागा असते, म्हणाले.
त्यांचाही आला.
मग सही केली. अठ्ठावीस तारीख होती.

बदललं ते एवढंच :
इतकी वर्षं मी हाक मारायचे, ए गुल जमान, तू इधर आ.
परवा तोंडातून 'आप' निघालं.
तो दचकला. मागे वळून बघितलं,
दुसरं कोण आलंय म्हणून.