मागचा आरसा

कार्ड आलंय: गुरुवार, सकाळी सात ते रात्री दहा,
गावचा हॉल, जिथे मंगळवारी आम्ही बायका बॅडमिंटन खेळतो.
जागा तीन. नावं पाच.
आमच्याकडे कौन्सिलला फुली मारत नाहीत,
आकडे घालायचे, आवडीच्या उतरंडीने.
एक, दोन, तीन,
पुढे जीव झाला तर चार आणि पाच.

पाचातली चौघं माझ्या बसमध्ये वाढली.
सत्तावीस वर्षं मी आर्डव्हेगच्या शाळेची बस हाकली,
आणि माणूस मागच्या आरशात जितका कळतो
तितका समोरून कळत नाही,
असं माझं आपलं मत.

रोरी गॅल्ब्रेथ. पत्रकावर धक्क्यापाशी उभा, टाय लावून.
आठवीत मागची काच फोडली. सफरचंद लागलं म्हणाला.
सफरचंदाने ती काच फुटत नाही, त्यालाही ठाऊक, मलाही.
इन्नेस टॉरन्स. कायम पहिल्या बाकावर, माझ्या पाठीशी,
कोण काय खातंय, कोण काय बोललं, सगळं माझ्या कानात.
आता म्हणतो, पारदर्शक कारभार.
त्याच्याइतका हक्क कुणाला आहे तो शब्द वापरायचा?
युना मकफेलला उलटी व्हायची, रोज, त्याच एका वळणावर.
मांडीवर आइस्क्रीमचा रिकामा डबा घेऊन बसायची,
पण शाळा एक दिवस चुकवली नाही.

आणि डेव्हिना क्रॉल.
गेल्या हिवाळ्यात तिने हात वर केला
आणि सकाळची बस बंद झाली.
“आकडे जुळत नव्हते, इशबेल,” म्हणाली दुकानात,
बटाटे निवडत, डोळे बटाट्यांवर.

पाचवा बोगुस्लाव, खाडीतल्या मत्स्यशेतीवर कामाला.
माझ्या बसमध्ये कधी बसला नाही, त्यामुळे
त्याच्याबद्दल माझ्याकडे पुरावा शून्य.
दारात आला, पत्रक द्यायचंच विसरला.
विचारलं, बर्फात बस अडकायची ती नेमकी कुठे?
चुनाभट्टीचा उतार, मी म्हटलं, आणि पूल संपल्यावर,
तिथे मार्चपर्यंत ऊन पोचत नाही.
तळहातावर लिहून घेतलं त्याने.

रात्री गॅसच्या बिलामागे रंगीत तालीम केली.
डेव्हिनाला पाच.
मग पाच खोडलं, रिकामंच ठेवलं.
रिकामी चौकट हीसुद्धा एक शिवीच.
समाधानाने चहा ढवळला.

आणि मग ते आठवलं, जे मी आठवत नाही.
नोव्हेंबर. धुकं. मला उशीर झालेला.
खाडीच्या थांब्यावर काहीतरी पिवळं दिसलं.
पिशवी अडकली असेल कुंपणाला,
असं ठरवलं मी,
आणि गिअर बदलला.

नऊ वर्षांची होती. साडेतीन मैल चालली, गारांच्या पावसात.
दुसऱ्या दिवशी पायरी चढली,
पिवळा रेनकोट अजून ओला,
“गुड मॉर्निंग, मिसेस रेनविक.”
बस. पुढे कधी अवाक्षर नाही.
आईलाही नाही, नाहीतर तिच्या आईने
माझं लायसन्स माझ्याच घशात घातलं असतं.

तिच्याकडेही मागचा आरसा असेल.
त्यात मी केवढी दिसत असेन?

गुरुवारी कुत्र्याला हॉलच्या रेलिंगला बांधलं.
प्लायवुडचा आडोसा, दोरीला पेन्सिल,
दोरी नेहमीसारखी चार बोटं तोकडी.
बोगुस्लावला एक. तळहातावरचं पुसलं गेलं असेल एव्हाना,
तरी एक.
युनाला दोन. वळण यायच्या आधी तिला कळतं.
मग पेन्सिल बराच वेळ हवेत.
मागे कुणीतरी खोकलं.

डेव्हिनाला तीन घातला.
ही माफी नाही, आणि परतफेड तर नाहीच,
बसचा राग अजून तसाच आहे,
उद्या दुकानात भेटली की बोलणार आहे मी.
पण या वेळी
पिवळं दिसलं, आणि मी
ब्रेक लावला.

रोरी, इन्नेस, तुमच्या चौकटी राहिल्याच रे.
बाहेर कुत्रा भुंकायला लागला होता.