आधी गुडघे आले

स्केटपार्क मी नंतर पाहिला. आधी गुडघे आले.
ड्रेसिंग रूमच्या बाकावर, चारनंतर,
शाळेच्या चड्डीखाली सोललेले:
मितेश गिरपचा डावा, रुजायचा उजवा,
हुजैफाचे दोन्ही, शिवाय कोपर.

बंदरावर पडलेल्या पोराची जखम मी ओळखते,
तिच्यात शिंपल्याची कच असते, एखादं खवलं.
ही वेगळी. कोरडी, सपाट,
किसणीवरून काकडी एकदाच ओढावी तशी.
"वर बघ. पंख्याची पाती मोज," मी सांगते.
तीनच असतात. तेवढ्यात आयोडिन लावून होतं.
"कुठे घासलास?"
"पार्कात, सिस्टर,"
जणू वेंगुर्ल्यात ते पूर्वीपासून होतंच.

रजिस्टरात कारणाच्या रकान्यात
आधी लिहिलं 'पडणे',
मग 'सिमेंटवर पडणे',
मग नुसतं 'पार्क'.
डॉक्टरांनी विचारलं नाही.

रविवारी गेले.
सुरूच्या बनामागे, बर्फाचा कारखाना होता त्या जागी
जमिनीत पुरलेली सिमेंटची काहील,
कड घासून चकचकीत.
शेजारी डांबराचे उंचवटे एकामागे एक,
वळणावर भिंतीसारखी उचललेली वाट,
आणि त्या अख्ख्या वाटेवर
बांगडे.
आवदाबाय काठीने कावळे हाकत होती.
"डांबर तापता बरां. वाळयेपेक्षा एक दिस आधी सुकतत."
पाटीवर नगरपरिषदेचं 'हेल्मेट सक्तीचे',
त्याखाली कोळशाने: मासळी धा वाजेपर्यंत.

दहाला बांगडे टोपलीत गेले.
मितेशने हिराचा खराटा काढला,
वाळू झाडली, खवलं झाडली, सुरूची बोंडं वेचली.
"एक बोंड पुरता," रुजाय म्हणाली.
"चाक थांबता. आमी थांबनव नाय."
त्या वाक्याचं ड्रेसिंग मी दोनदा केलेलं.

एक बोर्ड, सात जण.
बेअरिंगला खोबरेल, म्हणून तो जवळून गेला
की वेणी घातल्याचा वास येतो.
रुजाय कडेवर उभी,
मागचा पाय शेपटीवर, पुढचं सगळं हवेत.
मग ती स्वतःला सोडते.
ढकलत नाही. सोडते.
हा फरक मला माहीत आहे, बावीस वर्षं सुया टोचल्यात.
अंग आखडणाऱ्याला जास्त दुखतं.

मी ओढणी कमरेला बांधली तेव्हा
कोणी हसलं नाही, याचंच जरा वाईट वाटलं.
हुजैफाची सायकल, सीट पार खाली, ब्रेक एकच.
"पेडल मारूचां नाय, सिस्टर. नुसती उठबस.
चढताना हलकां, उतरताना जड."
पहिल्या फेरीला सवयीने मारलंच पेडल,
ते डांबराला खरवडून गेलं.
दुसऱ्या फेरीला दोन उंचवट्यांमधल्या खळग्यात अडकले,
पुढेही नाही, मागेही नाही,
बदलीच्या अर्जासारखी.

तिसऱ्या फेरीला, चौथ्या की पाचव्या उंचवट्यावर,
वजनकाट्यावरचे अडुसष्ट किलो कुठे गेले कळलं नाही.
उतरणीला परत आले, सगळेच्या सगळे,
आणि सायकल पुढे गेली.
पेडल नाही. कोणाचा धक्का नाही.
माझ्याच वजनाने मला ढकललं.
आजवर त्याने फक्त जिन्यात अडवलं होतं.
वाट वर उचलली, मी आडवी झाले,
डाव्या हाताला अख्खा समुद्र तिरका,
आवदाबाय तिरकी, टोपली तिरकी,
आणि मला ब्रेक आठवला.
आठवायला नको होता.

पोरं धावत आली.
हुजैफाने माझा पाय धरला, चेहरा अगदी गंभीर,
"हलवून दाखव," म्हणाला.
हलवला. बाटलीतलं पाणी तिरपं धरत
तो माझ्याच आवाजात म्हणाला,
"वर बघ. त्या माडाचे नारळ मेज."

मेजले.
अकरा.
पाणी लागल्यावर परत पहिल्यापासून.