यजमान

आरेतल्या शेवटच्या गोठ्यामागून पायवाट उतरते,
तिथे गवत कमरेएवढं, दहिवरानं जड.
आम्ही पांढरी फलालीन ओढत नेतो,
एक टोक माझ्या हातात, एक लाडक्या वरठ्याच्या.
दर दहा पावलांनी थांबायचं, कापड उलटं करायचं,
मोजायचं.
लाडक्या म्हणतो, ही कसली वरात, ताई,
ना नवरा ना वाजंत्री.

गोचीड पात्याच्या टोकाला बसलेला असतो,
खसखशीएवढा. पुढचे दोन पाय हवेत.
याला डोळे नाहीत.
कुणाचा तरी श्वास जवळून जाईल म्हणून
महिनोन् महिने तसाच.
जन्मात तीनच जेवणं:
पाखराच्या कानाशी, सशाच्या मानेवर,
मग म्हशीच्या कासेला, नाहीतर जो भेटेल त्याला.
पहिल्या जेवणाआधी सहा पाय, नंतर आठ.
आणि एका पंगतीचं उष्टं
पुढच्या पंगतीला वाढून येतो.

लाडक्याचा बाप फासे वळायचा
गोरेगाव स्टेशनाबाहेरच्या टांग्यांच्या
घोड्यांचे शेपटीचे केस आणून.
आता नायलॉन,
आणि खिशात वनखात्याचा शिक्क्याचा कागद.
सातच्या सुमाराला तित्तर अडकतो.
लाडक्या त्याला ओंजळीत घेतो, डोळ्यांवर रुमाल टाकतो.
‘एवढ्यात दोघांचं कालवण व्हायचं.’
मी ऐकलं नाही असं दाखवते.

पंख स्वच्छ. छाती स्वच्छ. पोटाखाली काही नाही.
सगळे डोक्यावर,
कानाच्या भोकाभोवती, पापणीच्या कडेला,
राखी मण्यांची ओळ.
‘तिथं त्याची चोच पोचत नाही,’ लाडक्या सांगतो.
‘बाकी अंग स्वतः बघतो, धुळीत न्हातो.
डोकं दुसऱ्यानं बघायचं.
जोडीदार गेलेला तित्तर लगेच ओळखू येतो,
कान भरलेले असतात.’

मी वहीत लिहिते. यजमान: तित्तर, मादी. संख्या: एकोणीस.
आमच्या परळच्या प्रयोगशाळेत हाच शब्द.
आई बाबांना यजमान म्हणायची,
सत्यनारायणाला पाटावर बसतो तोही यजमान,
आणि हिच्याकडे तर कुणी विचारूनही आलं नव्हतं.
सोडली तर उडाली नाही. पळत गेली,
मान ताठ, काही झालंच नाही अशी.

होळीनंतर पाड्यावर तीन पोरं तापली होती.
त्यांच्या रक्ताच्या नळ्या मीच नेल्या बर्फातून.
अहवालात एक शब्द आला: अनिर्णित.
तो पाड्यावर कसा सांगायचा
हे मला अजून जमलेलं नाही.

त्या रात्री चांदिवलीत, बाराव्या मजल्यावर,
केस सोडताना बोटाला लागला
कानामागे एक तीळ,
जो सकाळी नव्हता.
दोन आरसे लावले. मोबाइलनं फोटो काढले, सगळे हललेले.
नखानं ओढायचा नसतो, तोंड आत राहतं,
हे मी दर पावसाळ्यानंतर शाळांत जाऊन सांगते.
रात्री साडेदहाला कुणाची बेल वाजवून म्हणायचं,
जरा माझ्या कानामागे बघता?
अकराव्या मजल्यावरच्या बाईंचं
आडनावसुद्धा मला ठाऊक नाही.
दिवा चालू ठेवून झोपले.
तो जेवत राहिला.

सकाळी पाड्यावर
लाडक्याची भावजय चैती उंबऱ्यात बसली होती,
पुढ्यात लेक, लेकीच्या पुढ्यात धाकटी,
एकमेकींच्या केसांत बोटं.
मी चिमटा पुढे केला. तिनं काही विचारलं नाही.
माझं डोकं गुडघ्यावर दाबून घेतलं,
धुराचा आणि करंजतेलाचा वास,
आणि सरळ वर, न पिळता,
शिकवल्यासारखा काढला.

कुपीत टाकला. तारीख, ठिकाण, अवस्था.
यजमानच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि उठायला गेले
तर चैतीचा हात डोक्यावर तसाच.
‘थांब गो,’ ती म्हणाली,
‘दुसरा कान राहिलाय.’