कान

यंदा दस्तगीरमामूंनी भोपळे माळ्यावर टाकले
आणि शिसवीचा पाच फुटी दांडा घेतला.
गाठ एकच, तीही दस्त्याकडे.

साताऱ्याहून माप आलंय, ठासणीच्या बंदुकीचं.
जुनी गंजून गेली,
काचेत ठेवायला दुसरी हवी.
नळी कुपवाडच्या लेथवर पोखरून आणली.

तिच्यासाठी पन्हळ कोरताना
मामू वितीवितीला थांबतात,
लाकडाला टिचकी मारतात, कान लावतात.
"ही वाजायची नाही, मामू."
"सवय," म्हणतात. पुन्हा टिचकी.

आडनाव शिकलगार.
खापरपणज्यानं तलवारींना धार लावली;
धार कुणी मागेना, तेव्हा
मिरजेत सतारीला तारा लावल्या.

चाप बसला. तोड्याची चिमटी वाकली.
गज नळीत सोडला,
तळाला टेकून ठण्ण म्हणाला.
मामूंचे डोळे मिटले:
"काळी दोन. जरा उतरलीय."

राहिला तो कान,
रंजकीच्या वाटीतून नळीत जाणारा,
दाभणाएवढा.
कागदावर तांबड्या शाईत: पाडू नये.

रात्री सामता हातात घेऊन
मामू तिच्यापुढं बराच वेळ बसले.
मग उठले,
वायदा उलटून गेलेली सतार ओढली
आणि तिच्या खुंटीला भोक पाडलं.