पेव

सन्मती म्हणतो, अजून दोन वर्षं.
फ्लॅटचे हप्ते आहेत,
माझी कुपवाडची नोकरीही कायम नाही.
मी कॅलेंडरच्या पाठीमागे
दुधाच्या हिशेबाखाली मांडून बघते:
एकतीस, तेहेतीस,
मूल दहावीला बसेल तेव्हा मी कितीची.

सासूबाई विचारत नाहीत काही.
समडोळीच्या घरी दर उन्हाळ्यात
पाळण्याच्या कड्यांना तेल लावतात,
गंजायला नकोत म्हणून. एवढंच.

रविवारी हरिपूरला गेलो.
नदीकडच्या मोकळ्या जागेत त्यानं पायानं दाखवलं,
इथं आजोबांचं पेव होतं.
जमिनीच्या पोटात हळद भरायची,
तोंड मातीनं लिंपायचं
आणि भाव येईपर्यंत विसरून जायचं.
चार वर्षं, पाच वर्षं.
कीड नाही, रंग उतरत नाही.
उघडल्यावर आधी कंदील सोडायचे खाली,
विझला तर माणूस उतरायचा नाही.

"मग पेवं गेली कुठं?"
"पुरात."

"टिकते बघ ठेवलेली गोष्ट," तो म्हणाला.
"पूर येईस्तोवर," मी म्हणाले.
मग भाजलेली कणसं खाल्ली,
मीठ जास्त झालं होतं,
त्यावर मात्र दोघांचं लगेच पटलं.

रात्री ओट्यापाशी उभी आहे.
पाकिटातली अकरावी गोळी तळहातावर.
आत काहीतरी हळूहळू खाली सोडल्यासारखं,
जळतंय का बघत.
तो खोलीतून विचारतो, पाणी आणतेस?

आणते.
नाही, थांब, तूच ये इकडे.
लाईट नको लावूस,
तसाच ये.