सहानंतर

सहाला मी ग्रंथालयाला कुलूप लावते.
वाय-फायला लावत नाही.
जिल्हा कार्यालयातून दोनदा पत्र आलं त्याबद्दल.
दोन्ही पत्रं मी नीट फाइल केली आहेत,
कुठल्या फाइलमध्ये, ते विचारू नका.

खाली पार्किंगमध्ये वेन्डल स्टॅम्परचा पिकअप,
पुढची काच डाव्या कोपऱ्यात तडकलेली.
आत मांडीवर शाळेचा लॅपटॉप घेऊन केन्ना.
लॉरेल लिकच्या वरच्या अंगाला राहतात ते. तिथे डोंगर आडवा येतो,
सिग्नल येतो तो घाईतल्या पाहुण्यासारखा,
उंबऱ्यातूनच परत जातो.

मंगळवारी तिला मी कार्ड करून दिलं.
कार्डामागे चौदा आकडे.
म्हटलं, हे टाक, की पैसे मागणारी दारं उघडतात:
नियतकालिकं, नकाशे, भूगर्भाचे अहवाल,
आणि जुनी वर्तमानपत्रं,
ज्यांच्या छापखान्यांत आता टायर विकतात.
ती म्हणाली, आकडा चुकला तर?
तर परत टाकायचा. इथे कोणी छडी मारत नाही.

प्रश्न तिचा तिनंच निवडला होता.
ट्रिवेट सरांच्या यादीत ज्वालामुखी होते, पेंग्विन होते.
हिनं शोधचौकटीत लिहिलं:
आमच्या टॅनर्स फोर्कचं पाणी नारिंगी का आहे?
प्रश्नचिन्हासकट,
माणसाला विचारावं तसं.

शून्य निकाल.

मग बसलो दोघी शब्द सोलत.
'नारिंगी' काढलं, 'लोह' घातलं.
'आमच्या' काढलं, 'पाणलोट' घातलं.
'का' राहू दे म्हणाली, पण यंत्र ते वाचतच नाही,
गिळून टाकतं मुकाट्यानं.
अकराशे चाळीस निकाल!
तिचा चेहरा असा, की घागर सोडली आत
आणि विहीरच वर आली.
मग चाळण लावली. सालं. भाषा.
'तज्ज्ञांनी तपासलेले' समोर बरोबरची खूण.
उरले सतरा.

आज ती सतरावा वाचते आहे.
मी खिडकीशी. कोट अंगात, किल्ल्या हातात,
घरी जायचं सोडून.
खिडकी चार बोटं उघडी. पिकअपचीही.
ती मोठ्यानं वाचते, 'पायराइट'पाशी ठेचकाळते,
आणि वेन्डल,
नववीत शाळा सोडून
तीन नंबरच्या खाणीत चोवीस वर्षं काढलेला वेन्डल,
थर्मासचं झाकण फिरवत म्हणतो,
तो गाळ ना? त्याला आम्ही पिवळा पोऱ्या म्हणायचो.
खाण मिटली, पंप थांबवले,
दुसऱ्या वसंतात तो वर आला.
आधी सॅलमँडर गेले. मग गोगलगायी.
मासे सगळ्यात शेवटी. मासे चिवट.
मला दिवस आठवतो,
तुझ्या आजीला पुरलं त्याच्या आदला.

टकटक थांबते.

सतरा अहवालांत सॅलमँडर आहेत,
पण कोण आधी गेलं, ते नाही.
मला माहीत आहे. काल रात्री मीही वाचले सतराच्या सतरा.
त्या वर्षी मोजायला
खोऱ्यात कोणी उतरलंच नव्हतं.

केन्ना डोकं बाहेर काढते.
मी दिव्याखाली उभी, लपायला जागा नाही.
मिसेस ऑर्नडॉर्फ,
बाबांचा संदर्भ कसा द्यायचा?

एकोणीस वर्षं या खुर्चीत.
स्वल्पविराम कुठे, अक्षर तिरपं कुठे, सगळं तोंडपाठ.
तरी घसा साफ करावा लागला.
खिडकी पूर्ण वर केली, थंडी आत आली.
आधी आडनाव, मी ओरडले. मग नाव.
मग 'प्रत्यक्ष संभाषण'. मग तारीख.

मला कशाला घालतेस त्यात, वेन्डल म्हणाला,
आणि टोपी काढून पुन्हा तशीच घातली.
तिनं टाइप करायला घेतलं.
तो वाकला पडद्यावर,
बराच वेळ वाकलेलाच.

शेवटी दोन एल, म्हणाला.
वेन्डलला शेवटी दोन एल असतात.